आणीबाणीची साधने आणि भीमाकाठची साक्ष

राज्यसत्तेने आपल्या प्रजेस कसे आवरून धरले हे ठरविताना इतिहासकारापुढे एक विलक्षण अडचण उभी राहते. ज्या सत्तेची चौकशी करावयाची, बहुतेक कागद तिनेच लिहिलेले असतात. शाई तिची, छापखाना तिचा आणि दप्तरखानाही तिचाच. उलट ज्यांच्यावर ती सत्ता चालली त्यांची हकिकत कोणाच्या तरी स्मरणात राहते आणि त्या माणसाबरोबर नाहीशी होते.

साधनांची प्रतवारी लावण्याचा प्रश्न महाराष्ट्रास नवा नाही. १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करताना वि. का. राजवाडे यांनी बखरींची कठोर झाडाझडती घेतली आणि अस्सल पत्रांस पहिला मान दिला. घटनेच्या वेळी लिहिलेला कागद श्रेष्ठ, मागाहून आठवून लिहिलेली हकिकत कनिष्ठ, हा दंडक तेव्हापासून आपल्याकडे रूढ झाला आणि त्याने इतिहासाचे मोठे हित केले. बाजीराव पेशव्यांची पत्रे वाचावयाची असोत की नाना फडणिसांची, हा दंडक उत्तम चालतो. कारण ती पत्रे लिहिणारास कोणी तपासनीस मानेवर बसवून लिहावयास लावीत नव्हता. पण समकालीन कागदच जेथे भीतीच्या छायेत लिहिला गेला, किंवा छापण्यापूर्वी अधिकाऱ्याच्या नजरेखालून गेला, तेथे या दंडकाचे काय करावयाचे? तेथे ताजा कागद खोटा आणि शिळी आठवण खरी, असे होणे अशक्य नाही. या प्रश्नाची परीक्षा पाहावयाची तर आपल्याच राज्यातील एक उदाहरण पुरेसे आहे. २५ जून १९७५ च्या रात्री राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. २१ मार्च १९७७ रोजी ती आणीबाणी उठली. हे एकवीस महिने म्हणजेच ते उदाहरण होय.

त्या एकवीस महिन्यांस हुकूमशाही म्हणावे काय, याविषयी दोन मते आहेत. ज्यांना तो शब्द मान्य नाही ते दाखवून देतात की, घोषणा घटनेच्या ३५२ व्या कलमान्वये झाली, संसद चालू होती, न्यायालये उघडी होती, आणि अखेरीस सत्ताधाऱ्यांनी स्वतःच निवडणूक जाहीर करून पराभव पत्करला. हे सर्व खरे आहे. परंतु कायद्याच्या कलमाने आलेली सत्ता हुकूमशाही नसतेच, असे मात्र म्हणता येत नाही. जर्मनीत २८ फेब्रुवारी १९३३ रोजी नागरिकांचे मूलभूत हक्क रद्द करणारा हुकूम निघाला तोही तेथील घटनेच्या ४८ व्या कलमान्वयेच. दोन्ही राजवटींची भीषणता एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. साम्य आहे ते एवढेच की, दोन्हीकडे कागद शिस्तशीर होता. म्हणूनच केवळ कागद पाहून भागत नाही. नावाचा वाद बाजूस ठेवून लोकांना आवरून कसे धरले हे पाहणे अधिक फलदायी आहे.

हे पाहण्यासाठी दिल्ली किंवा मुंबई हीच ठिकाणे बहुधा निवडली जातात. येथे मुद्दाम भीमेच्या काठची गावे घेतली आहेत. सोलापूर जिल्ह्यातील माढा व करमाळा, पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड, आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांच्या नदीकाठच्या गावांत त्या वेळी एकाच काळी दोन गोष्टी घडत होत्या. एक म्हणजे देशभर चाललेली आणीबाणी, आणि दुसरी उजनीचे धरण. या धरणाची कोनशिला १९६६ साली यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते बसली आणि काम १९८० साली पुरे झाले. आणीबाणीचे दिवस बरोबर या दोहोंच्या मध्ये येतात. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर, नदीकाठच्या काळ्या जमिनी, गावठाणे, विहिरी, हे सर्व पुढे यशवंतसागराच्या पाण्याखाली गेले. १९७२ च्या दुष्काळाने हा मुलूख आधीच पोळून निघालेला होता. अशा लोकांपर्यंत सरकार कोणत्या रूपाने पोचले, हे निरनिराळी साधने निरनिराळे सांगतात.

सोलापूरकरांस कडक अंमलाची ओळख पूर्वीची होती. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर शहरात दंगल व गोळीबार झाला. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि तो जूनच्या अखेरपर्यंत चालला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांस १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी दिले गेले. त्या प्रकरणाचीही सरकारी हकिकत एक आणि लोकांची दुसरी आहे. पण तेथे इतिहासकाराचे काम एका अर्थाने सोपे आहे. राज्य करणारे परके, भोगणारे आपले, आणि कोणता कागद कोणाच्या बाजूचा हे वाचणारास पहिल्याच ओळीत कळते. १९७५ मध्ये हुकूम देणारे, तो बजावणारे आणि तो सोसणारे एकाच गावचे, पुष्कळदा एकाच भावकीचे होते. ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक, सोसायटीचा सचिव यांच्या हातून राज्य चालले, आणि तीच माणसे सायंकाळी पारावर बसत. त्यामुळे साक्ष गुंतागुंतीची झाली आहे.

प्रथम वर्तमानपत्रे घेऊ. समकालीन साधन म्हणून त्यांचा मान पहिला. तथापि, घोषणेच्या पाठोपाठ प्रसिद्धीपूर्व तपासणी सुरू झाली आणि सेन्सॉरच्या संमतीखेरीज राजकीय मजकूर छापता येईना. दिल्लीच्या ‘इंडियन एक्सप्रेस’ने २८ जून रोजी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. मुंबईच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कोणा चतुर माणसाने निधनवार्तेच्या स्तंभात लोकशाही नावाच्या गृहस्थांच्या मृत्यूची जाहिरात छापून आणली. तपासनिसाच्या ती लक्षात आली नाही, हे आपले भाग्य. फेब्रुवारी १९७६ मध्ये चारही वृत्तसंस्था एकत्र करून ‘समाचार’ नावाची एकच संस्था बनविण्यात आली. तेव्हापासून बातमीचा उगमच एक झाला. आता कोणी अभ्यासक त्या काळच्या अंकांची चळत पुढे घेऊन बसला, तर त्यास काय दिसते? गाड्या वेळेवर धावत आहेत, कचेऱ्यांत माणसे जागेवर आहेत, १ जुलै १९७५ रोजी जाहीर झालेला वीस कलमी कार्यक्रम जोरात आहे, आणि कोठेही तक्रार नाही. यांतील पुष्कळ बातम्या खऱ्याही असतील. खोटेपणा छापलेल्या मजकुरापेक्षा न छापलेल्या मजकुरात अधिक आहे. कोऱ्या जागेलाही साधन मानावयास शिकल्याखेरीज हे अंक वाचता येत नाहीत.

आकाशवाणीची गोष्ट याहून नाजूक. वर्तमानपत्र खेड्यात दुसऱ्या दिवशी पोचे आणि ते वाचणारे थोडे. रेडिओ मात्र ग्रामपंचायतीच्या कचेरीत, चहाच्या दुकानात, एखाद्या बागाईतदाराच्या ओसरीवर वाजत असे. जनता सरकारने ऑगस्ट १९७७ मध्ये प्रचारसाधनांच्या दुरुपयोगाविषयी श्वेतपत्रिका काढली. आकाशवाणीचा वापर सत्ताधारी पक्षाच्या बाजूने कसा करण्यात आला, विरोधकांच्या वाट्यास किती वेळ आला, हे तीत नोंदलेले आहे. अर्थात श्वेतपत्रिका हीसुद्धा एका सरकारने दुसऱ्या सरकारविरुद्ध लिहिलेली फिर्याद आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. तिच्यातील कचेरीच्या टिपणांवर विश्वास ठेवावा, विशेषणांवर ठेवू नये.

शब्द एकाचा आणि अर्थ दुसऱ्याचा, असे समकालीन साधनांत किती सहज होते याचे उत्तम उदाहरण म्हणजे विनोबांचे ‘अनुशासन पर्व’. विनोबा पवनार येथे मौनात होते. वसंत साठे त्यांना भेटावयास गेले असता त्यांनी महाभारतातील त्या पर्वाचे नाव दाखविले. मौनातील माणसाने दाखविलेले दोन शब्द! सरकारने ते उचलले, भिंतींवर रंगविले, आणि विनोबांचा आशीर्वाद मिळाला असे देशास सांगितले. मौन सुटल्यावर, १९७६ च्या आरंभी पवनार येथे भरलेल्या आचार्य संमेलनात विनोबांनी भेद स्पष्ट केला: शासन सत्तेचे असते, अनुशासन आचार्यांचे. तो खुलासा भिंतींवर रंगविला गेला नाही. आज जुन्या छायाचित्रांतील भिंती पाहून कोणी अनुमान काढील तर ते अनुमान अस्सल समकालीन साधनावर आधारलेले असेल, आणि तरीही अर्धवट असेल.

या काळातील कागदांत एक वर्ग मात्र असा आहे की ज्यावर राजवाड्यांचा दंडक निःशंकपणे लावता येतो. तो न्यायालयांच्या निकालांचा. मिनू मसानी यांच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकातील मजकुरास सेन्सॉरने मनाई केली, तेव्हा ते मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायमूर्ती मादन व कनिया यांनी सेन्सॉरची मनाई बेकायदा ठरविली. सरकारवर केलेली टीका गाळणे हे तपासनिसाचे काम नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. आणीबाणी ऐन भरात असताना, मुंबईतच, दोन न्यायाधीशांनी हे लिहिले. उलट २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने ठरविले की, आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसास आपल्या सुटकेसाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही. विरुद्ध मत देणारे न्यायमूर्ती हं. रा. खन्ना हे एकटे होते. दोन्ही निकाल समोरासमोर ठेवले म्हणजे त्या काळचे चित्र एकरंगी नव्हते हे दिसते. परंतु न्यायालयाची पायरी चढलेले कोण? संपादक, वकील, पुढारी. करमाळ्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याचे नाव तेथे सापडावयाचे नाही.

तीच मर्यादा तुरुंगवासाच्या आठवणींना. ‘मिसा’खाली देशात सुमारे ३५ हजार माणसे स्थानबद्ध झाली, त्यांत महाराष्ट्रातील साडेपाच हजारांच्या आसपास होती. येरवडा, नाशिकरोड, विसापूर, ठाणे येथील तुरुंग भरले. समाजवादी, जनसंघीय, संघाचे स्वयंसेवक, डावे, सर्वोदयी अशी मंडळी बराकींत एकत्र आली आणि पुढे त्यांतील अनेकांनी लेखणी उचलली. भीमेपलीकडच्या राशीनशी ज्यांचा घरोबा, त्या कुमार सप्तर्षींचे ‘येरवडा विद्यापीठातील दिवस’ हे त्यांपैकी एक. विनय हर्डीकरांचे ‘जनांचा प्रवाहो चालिला’ १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यास पुढे शासनाचा पुरस्कार जाहीर होऊन मागे घेतला गेला, ही गोष्ट त्या पुस्तकाच्या बाजूने पुष्कळ बोलते. या आठवणी राजवाड्यांच्या भाषेत बखरी होत, मागाहून लिहिलेल्या, लेखकास नायक करणाऱ्या. १९७७ नंतर तर धीर ही स्वस्त वस्तू झाली होती, आणि मी घाबरलो असे लिहिणारा विरळा. पण समकालीन वर्तमानपत्रांनी जे मुळीच छापले नाही ते या बखरींतच सापडते. घरी मागे राहिलेल्या बायकांचे हाल, टपाल उघडले जाणे, ओळखीच्या माणसाने रस्ता ओलांडून पलीकडे जाणे. ही शेवटची गोष्ट कोणत्याही सरकारी फायलीत नोंदली जाणे शक्य नाही, आणि आवरून धरण्याच्या सर्व साधनांत ती सर्वांत स्वस्त होती. एका माणसास उचलले की दहा माणसे आपोआप गप्प होत.

मात्र तुरुंगात गेलेला मनुष्य गावात काय चालले आहे याचा साक्षी राहत नाही, ही उघड गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. आणीबाणीचा इतिहास आपल्याकडे बहुधा तुरुंगातून लिहिला गेला. जे बाहेर राहिले त्यांचा इतिहास लिहावयाचा तर शाह आयोगाकडे वळावे लागते.

माजी सरन्यायाधीश ज. छो. शाह यांचा आयोग २८ मे १९७७ रोजी नेमला गेला. त्याच्याकडे सुमारे ४८ हजार तक्रारी आल्या. १९७८ च्या मार्च, एप्रिल व ऑगस्ट महिन्यांत त्याचे अहवाल तीन भागांत सादर झाले. या अहवालांचे मोल असे की, ते सरकारच्याच फायली सरकारच्याच साक्षीदारांकडून वाचवून घेतात. मंत्रिमंडळास घोषणेची वार्ता सही झाल्यानंतर, २६ जूनच्या पहाटे मिळाली, हे तेथे सिद्ध होते. अधिकारी तोंडी हुकुमांवर चालले, मागाहून फाइल सजविली गेली, तारखा मागे घातल्या गेल्या, हेही दिसते. म्हणजे समकालीन कागदाची तारीखसुद्धा पारखून घ्यावी लागते! इंदिरा गांधी यांनी आयोगापुढे शपथेवर साक्ष देण्याचे नाकारले, त्यामुळे एक बाजू अपुरी राहिली, ही त्याची उणीव. १९८० मध्ये सत्तापालट झाल्यावर अहवालाच्या प्रती दुर्मिळ झाल्या. २०१० मध्ये एरा सेझियन यांनी तो पुन्हा छापून काढला तेव्हा ‘हरवलेला आणि सापडलेला’ अशाच अर्थाचे नाव त्यास दिले.

आयोगाच्या अहवालातील जो भाग खेड्यांस लागू पडतो तो नसबंदीचा. १९७६-७७ या वर्षी देशाचे उद्दिष्ट सुमारे ४३ लाख शस्त्रक्रियांचे होते. झाल्या ८१ लाखांवर. महाराष्ट्राने आपले उद्दिष्ट मागे टाकून आठ लाखांहून अधिक केल्या. शस्त्रक्रियेनंतर झालेल्या १,७७४ मृत्यूंची नोंद आयोगाने केली. कित्येक राज्यांत शिक्षकांवर माणसे आणण्याची सक्ती झाली आणि संख्या न भरल्यास वेतन अडविले गेले, हेही त्यात आहे. वर्गात सत्य बोलावे असे मुलांस शिकविणारा मनुष्य महिनाअखेरीस दारोदार माणसे शोधीत हिंडतो, हे चित्र ज्यास उद्वेगजनक वाटणार नाही त्याने शाळा जवळून पाहिलेली नाही. आता हेच आकडे १९७६ च्या सरकारी पत्रकांत पाहिले तर ते यशाचे आकडे आहेत. संख्या तीच, पण एका कागदात ती कर्तबगारी आहे आणि दुसऱ्यात आरोप.

सोलापूर जिल्ह्यास जवळचा पुरावा बार्शीचा आहे. माढ्याच्या शेजारचे हे मोठे बाजाराचे गाव. जानेवारी १९७६ मधील तेथील शिबिराची हकिकत मराठी नियतकालिकातून पुढे आली आणि लोकसंख्येच्या अभ्यासकांनी ती परदेशातील ग्रंथांतही नमूद केली. हकिकत अशी: दहा दिवसांत सुमारे एक हजार शस्त्रक्रिया करण्याचे ठरले. पहिले दोन दिवस कोणी फिरकले नाही. मग नगरपालिकेच्या मोटारी निघाल्या, आणि कामानिमित्त गावात आलेली खेड्यांतील माणसे पकडून नेण्यात आली. वृद्ध आणि अविवाहित यांचीही त्यातून सुटका झाली नाही. संख्या पुरी झाली.

या हकिकतीतील महिना लक्षात घेण्याजोगा आहे. केंद्र सरकारचे राष्ट्रीय लोकसंख्या धोरण डॉ. करणसिंग यांनी १६ एप्रिल १९७६ रोजी जाहीर केले. राज्यांस हवे तर त्यांनी सक्तीचा कायदा करावा, अशी मोकळीक त्यात होती. महाराष्ट्राने त्यानुसार तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक त्याच वर्षी विधिमंडळात संमत केले. त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही आणि ते कायदा झाले नाही. म्हणजे केवळ कायद्याची कागदपत्रे पाहणारा अभ्यासक अशा निर्णयास येईल की, एप्रिल १९७६ पूर्वी सक्तीचा विचारही नव्हता आणि महाराष्ट्रात सक्ती कधी झालीच नाही. बार्शीच्या मोटारी मात्र जानेवारीतच फिरल्या होत्या. कायद्याच्या आधी सक्ती आली आणि कायदा न होताही ती राहिली.

येथे आणखी एका कागदाचा विचार करावयास हवा. प्रत्येक शस्त्रक्रियेपूर्वी संमतिपत्र भरले जाई आणि त्यावर सही किंवा अंगठा असे. दप्तरात आज पाहिले तर एक हजार संमतिपत्रे, एक हजार अंगठे. अस्सल, समकालीन, तारीखवार. यापेक्षा उत्तम साधन राजवाड्यांनाही मिळाले नसते. तो अंगठा मोटारीत कोंबून आणलेल्या माणसाचा आहे की दोन मुलांवर आपल्या खुषीने थांबलेल्या बापाचा, हे मात्र शाई सांगत नाही. आणि खुषीने आलेले होतेच. महाराष्ट्रात कुटुंबनियोजनाचे काम र. धों. कर्वे यांच्या काळापासून चालले होते, त्यास मानणारी घरे पुष्कळ होती. सर्वच अंगठे जुलमाचे म्हणणे हाही खोटा इतिहास होईल.

भीमाकाठच्या गावांत असाच अंगठा दुसऱ्या एका कागदावर पडत होता. तो भूसंपादनाच्या निवाड्याचा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात जमीन घेण्यासाठी मालकाची संमती लागतच नसे. त्याच्या हाती एवढेच होते की, मोबदला घेताना आपली हरकत कायम ठेवून रक्कम स्वीकारीत आहोत असे लिहून द्यावयाचे. असे लिहिणारास वाढीव मोबदल्यासाठी दिवाणी न्यायालयाकडे जाण्याचा मार्ग मोकळा राही. न लिहिणाराने रक्कम मान्य केली असे धरले जाई. आता निवाड्याच्या कागदांत ज्या नावापुढे हरकतीचे शब्द नाहीत, तो मनुष्य समाधानी होता काय? त्यास ते शब्द लिहावयाचे असतात हे ठाऊक नव्हते, की ठाऊक असून कचेरीत उभे राहून ते म्हणण्याचा धीर झाला नाही? सभा व मोर्चे यांवर बंदी असलेल्या त्या दिवसांत दहा गावच्या लोकांनी एकत्र बसून एकमेकांस हे सांगण्याची सोयही उरली नव्हती. धरण आणीबाणीने आणले नाही. ते आधी ठरले होते आणि नंतर पुरे झाले. त्याच्या पाण्याने पुढे सोलापूरच्या शेतीचे रूप बदलले, हेही नाकारता येत नाही. पण ज्या काळात नाही म्हणण्याची किंमत वाढली होती, त्या काळातील न लिहिलेल्या हरकतीचा अर्थ इतर वर्षांप्रमाणे लावता येणार नाही.

याउलट बाजूचाही कागद आहे, आणि तो लपविणे बरे नव्हे. ऑगस्ट १९७५ मध्ये राज्य सरकारने कर्जनिवारणाचा वटहुकूम काढला. त्याचा पुढे कायदा झाला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. अल्पभूधारक शेतकरी, शेतमजूर आणि ग्रामीण कारागीर यांचे सावकारी कर्ज त्याने रद्द केले व गहाण पडलेल्या वस्तू परत देण्याचा हुकूम केला. दुष्काळात बायकोचे डोरले सावकाराकडे ठेवलेल्या माणसास ते परत मिळाले असेल, तर त्याच्या लेखी आणीबाणी म्हणजे काय होती? येरवड्यातील बंदिवानाच्या आठवणींत याचे उत्तर सापडणार नाही.

मार्च १९७७ च्या मतदानाकडे यासाठीच बारकाईने पाहावे लागते. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही मिळाली नाही. महाराष्ट्रात ४८ पैकी २० मिळाल्या, आणि त्यांत सोलापूर व पंढरपूर या दोन्ही होत्या. ज्या जिल्ह्यात बार्शी घडली त्या जिल्ह्याने सत्ताधारी पक्षास दोन्ही जागा दिल्या! कोणी यावरून म्हणतात की, दक्षिणेकडे जुलूम झालाच नाही. कोणी म्हणतात, सहकारी संस्था व पुढाऱ्यांची पकड एवढी होती की मतपेटीतही भीती गेली. पहिले मत बार्शीच्या हकिकतीपुढे टिकत नाही. दुसरे सिद्ध करावयास पुरावा पुरत नाही, आणि त्यात खेड्यांतील माणसास बुद्धी नाही असे गृहीत धरलेले आहे. त्या एकवीस महिन्यांत ज्या कागदावर कोणी अधिकारी जवळ उभा नसताना खूण करावयास मिळाली तो कागद मतपत्रिकेचा. ती खूण करताना माणसाने मोटारी आणि डोरले दोन्ही आठवली असतील. जिल्ह्याचा एकूण आकडा त्यांपैकी कशाचे वजन किती हे सांगू शकत नाही.

ते सांगू शकतील अशी माणसे अद्याप आहेत. त्या वेळी जो तिशीत होता तो आज ऐंशीच्या घरात आहे. उन्हाळ्यात धरण तळास गेले म्हणजे पळसनाथाचे मंदिर उघडे पडते, शहरांतून लोक ते पाहावयास येतात, आणि जुन्या गावठाणाच्या जागा दाखविणारे वृद्ध तेथे भेटतात. त्यांना काय विचारावे याला महत्त्व आहे. ‘तुम्ही भीत होता काय?’ या प्रश्नास पन्नास वर्षांनंतर कोणी होय म्हणत नाही. मोटार आली तो वार कोणता, गावात यादी कोणी वाचली, यादीतून कोणाचे नाव गळले आणि ते का गळले, मोबदल्याच्या दिवशी कचेरीत शेजारी कोण उभे होते, अंगठ्याआधी कागद वाचून दाखविला की नाही, डोरले परत आले ते स्वतः सावकाराने आणून दिले की मागावयास जावे लागले, असे विचारले पाहिजे. मग ती उत्तरे निवाड्याच्या नकलांशी, शिबिराच्या यादीशी आणि त्या आठवड्याच्या वर्तमानपत्राशी ताडून पाहता येतील, आणि कोणता कागद कोठे गप्प बसला हे एकेक करून कळेल.